यमुनेने राखलेल्या जागा

यमुना गेल्याचं मला पत्राने कळलं, तेही तेरावं उलटून गेल्यावर. पनवेलच्या तिच्या घरमालकांनी चार ओळी लिहिल्या होत्या. कावीळ झाली, अंगावर काढली, आठवड्यात सगळं संपलं... पुण्यातल्या ऑफिसात मी ते वाचलं आणि कुणाला सांगावं म्हणून आजूबाजूला पाहिलं. तिला ओळखणारं तिथे कुणीच नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या सुमारास आम्ही दोघी पनवेलजवळच्या एका कंपनीत होतो. तिथे कचेऱ्यांसाठी युनिक्स या प्रणालीवर चालणारे कॉम्प्युटर बनत. मी नुकती लागलेली, ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गव्हाणच्या खाडीत मासे धरणाऱ्या घरातली. वडील गेल्यावर आईला घेऊन पनवेलला एका खोलीत राहायला आलेली. तेव्हा मेमरी इतकी तुटपुंजी की चार प्रोग्राम एकदम चालवले की सगळं रांगायला लागे. तारीख मांडणं, अक्षरं छापणं, नावं क्रमाने लावणं ही रोजची कामं प्रत्येक प्रोग्राम स्वतःसोबत वेगळी वागवायचा. एकाच कामाच्या दहा नकला. परदेशात त्यावर उपाय निघाला होता. ही कामं मेमरीत एकदाच ठेवायची आणि सगळ्या प्रोग्रामांनी तीच वापरायची. शेअर्ड लायब्ररी म्हणत त्याला. आमच्या मशीनवर ती बसवण्याचं काम यमुनेकडे आलं.

प्रत्येक लायब्ररीला मेमरीतला पत्ता आधीच नेमून द्यावा लागे आणि तो पुढे बदलून चालत नसे. यमुना आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने चौकटी आखून पत्ते वाटायची, आणि दोन चौकटींत मोकळी जागा सोडायची. मी विचारलं तर म्हणाली, "वाढतील ना त्या. आत्ता जागा नाही ठेवली तर उद्या एकमेकींच्या अंगावर येतील." लायब्ररीच्या तोंडाशी कामांची यादी असे आणि कितव्या क्रमांकावर कुठलं काम, हे जुने प्रोग्राम धरून चालत. म्हणून नवं काम यादीच्या शेवटी लिहायचं, मध्ये कधीही नाही. तिचा कडक असा हा एकच नियम.

तो मी मोडला. सारखी कामं एकत्र दिसावीत म्हणून एक नवं काम मी मध्येच घातलं आणि तिला सांगितलं नाही. खालचे सगळे क्रमांक एकेक घर सरकले. एका गिऱ्हाइकाच्या कचेरीत तारीख मागितली की भलतंच सुरू होऊन प्रोग्राम कोसळू लागले. दोन दिवस त्यांचं काम ठप्प. साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "यादीला हात कोणी लावला?" माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी जमिनीकडे पाहत राहिले. यमुना म्हणाली, "यादी माझ्याकडे असते, सर. चूक माझी."

तिच्याकडून ते काम काढून घेतलं आणि तिला माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने नेहमीसारखी अर्धी तांदळाची भाकरी माझ्यापुढे ठेवली. "जेव गं," एवढंच. त्यानंतर मी दुसऱ्या टेबलावर बसू लागले. ती खिडकीपाशी एकटी जेवायची.

काही वर्षांनी मी पुण्याची नोकरी धरली. निरोपाच्या दिवशी ती एक नवी पुस्तिका घेऊन आली. "बघ, आता पत्ते आधी ठरवायला नकोत. प्रोग्राम सुरू होताना नावाने हाक मारायची, लायब्ररी असेल तिथे सापडते."

"तुझी सगळी मेहनत वाया गेली की."

"छे गं. चांगलंच झालं. कुणाच्या हातून चूक व्हायची भीती कमी." ती माझ्याकडे पाहत थांबली. बोलायची वेळ तीच होती. मी घड्याळ पाहिलं... पुन्हा आमची भेट झाली नाही.

पत्र आल्यावर मी पनवेलला गेले. खोलीत तिच्या आई एकट्याच होत्या. "बाय, ती काय काम करायची गं? मला कदी समजलंच नाय."

"गावात लग्नाची मोठी पातेली देवळात असतात ना? एकदाच घेतलेली, सगळ्यांच्या कामाला येणारी. तसंच काहीसं, आई."

"मंग ती पातेली सांबालायची," त्या म्हणाल्या.

मग मी यादीचं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. "ती बोलली नाय कदी. तुज्यावर रागवली व्हती?"

"नाही."

"मंग तू का नाय आलीस इतकी वर्सं?"

सहा वाजून गेले होते. कोपऱ्यावर यमुनेला रोज सोडणारी कंपनीची बस थांबल्याचा आवाज आला, तशा त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दाराची कडी काढून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. दोन बाया उतरल्या, बोलत बोलत दुसऱ्या गल्लीत वळल्या. बस गेली. "सवय हाय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. दार त्यांनी लोटून घेतलं, पण कडी लावली नाही.