समोरच्या बाळाचं बाळसं

उष्टावणाच्या दिवशी मामाने चांदीच्या वाटीतली खीर भरवली, तेव्हा माझ्या मुलाने ती शहाण्यासारखी चाटूनपुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी मऊ भात कालवून बसले आणि पहिलाच घास त्याने माझ्या तोंडावर फुर्रकन उडवला. मला वाटलं, गंमत करतोय. पुढचे कित्येक महिने तो तीच गंमत करत होता.

वाशी तेव्हा नुकती वसत होती. एकसारख्या पिवळट इमारती, मधे नुसतं रान, आणि नवरे सकाळी पुलावरून बसने मुंबईला गेले की मागे उरायच्या बायका, पोरं आणि खाडीचा वारा. दारं दिवसभर सताड उघडी असत. आमच्या दारासमोर जे दार होतं, त्यात माझी वैरीण राहायची.

तिचा मुलगा माझ्याच्या बरोबरीचा, दोघांत जेमतेम आठवड्याचं अंतर. माझा काडी पैलवान, आणि तिचा मांडीवर घेतला तर मांडीला मुंग्या येतील असा. ती मूळची साताऱ्याकडची, आवाज खणखणीत. वाळवणं घालायला सगळ्या गच्चीवर जमलो असताना तिने माझ्या मुलाचा दंड दोन बोटांत धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अहो वहिनी, ह्याला काय खायला घालता का नाय? आमचं पोरगं बगा, समोर ठेवाल ते गिळतंय."

बायका हसल्या. मीही हसले, पण आतून पेटले होते. खाली उतरताना जिन्यात गणपतीतल्या सुदृढ बालक स्पर्धेचा कागद लावलेला दिसला आणि मी तिथल्या तिथे ठरवलं, हिचं नाक कापायचं, आणि तेही माईकवर.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात तयारी सुरू झाली. नाचणीची पेज, मेतकूट-तूप-भात, वाफवलेला दुधी, रताळं, मुगाचं कढण. जवळच्या दिवाळे गावची कोळीण मासळीची पाटी घेऊन दारात बसली की तिच्याकडे बघता बघता माझ्या मुलाचा जबडा जरा सैल पडे, आणि तेवढ्यात मी चमचा आत सरकवायची. कोळणीलाही हे कळलं होतं. "बेगीन कर गो बाय," ती म्हणायची, "मना आजून अक्खी लाइन फिराची हाय." ती उठून गेली की तो आत साठवलेलं सगळं माझ्या पदरावर परत करायचा.

त्या दिवसांत मी बरंच शिकले. भरवताना पांढरं नेसायचं नाही. गालात साठवलेला घास म्हणजे गिळलेला घास नव्हे. चिऊचा घास, काऊचा घास करत बसलं तर चिऊ-काऊ जेवून जातात आणि मूल उपाशीच राहतं. आणि लाळेरं मुलाला बांधून उपयोग नसतो, ते आईने बांधायचं.

अशाच एका दुपारी समोरचा गोळा रांगत रांगत आमचा उंबरा ओलांडून आला, त्याने माझ्या मुलाशेजारी बैठक मारली आणि आ केला. कुणी काही म्हटलं नव्हतं, नुसता आ. माझा मुलगा ओठ मिटून भिंतीकडे बघत होता आणि चमच्यातला भात निवत होता. मी तो शत्रूच्या तोंडात घातला. त्याने तो गट्ट केला आणि पुन्हा आ केला! इतक्या दिवसांत मला प्रथमच कळलं की मी शिजवलेलं खाण्याजोगं असतं.

मग ते रोजचंच झालं. त्याची आई त्या वेळी घरात मशीनवर ब्लाउज शिवत असायची. पोरगा खेळायला जातो अशी तिची समजूत असणार, म्हणून मीही काही बोलले नाही. माझ्या मुलाने एक घास थुंकायचा आणि त्याने चार गिळायचे. भरवणाऱ्या हाताला कुणीतरी खाणारं लागतं, त्या नादात स्पर्धा माझ्या डोक्यातून साफ निघून गेली. आपण कुणाला पोसतोय हे मला सुचलंच नाही.

गणपतीत मांडवाशेजारी वाण्याकडून आणलेला मोठा तराजू टांगला होता. माझ्या मुलाला बसवल्यावर पारडं जरासं हललं आणि थांबलं. समोरच्याचं दाणकन खाली गेलं. पहिला नंबर. बक्षीस देताना डॉक्टरीणबाईंनी माईक पुढे करून विचारलं, काय काय देता बाळाला? ती म्हणाली, "काय नाय हो, घरचंच. नाचणीची पेज, मेतकूट-भात, रताळं, मुगाचं कढण."

माझा अख्खा स्वयंपाक तिने माईकवर वाचून दाखवला. म्हणजे बाईला सगळं माहीत होतं! टाळ्या वाजल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार लावून आतून कडी घातली. थोड्या वेळाने दारावर चिमुकले तळवे आपटायला लागले. मग भोकाड. मग तिच्या विनवण्या, "आ कर रे राजा, एकच घास." मग ताटली पडल्याचा आवाज. मी दाराला कान लावून उभी होते. रेडिओवर इतकं गोड कधी काही ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती रडकुंडीला आली आणि मी पोटभर जेवले.

माझा मुलगा मात्र जेवत नव्हता. तो बंद दाराकडे बघत बसायचा आणि आता थुंकण्यापुरतंही तोंड उघडत नव्हता. रात्री त्याला झोपवताना त्याच्या फासळ्या हाताला लागायच्या. मला भीती वाटायला लागली होती. तरी मी कडी काढली नाही.

शेवटी एका दुपारी तिनेच कडी वाजवली. मी दार उघडलं. कडेवर मुलगा, हातात वाटी, केस विस्कटलेले.

"वहिनी, भरवा हो ह्याला. माझ्या हातचं खात नाय. कधीच खाल्लं नाय. म्हणून तर रोज दुपारी दार उघडं ठेवायची."

"मग गच्चीवर काय सांगत होता?"

"तवा अंगावरच्या दुधावर होता ओ. वरचं सुरू केलं आणि तोंड मिटून बसला. सगळ्यांसमोर बोलून बसले होते, मग कुठल्या तोंडानं सांगणार?"

हे ऐकायला मी किती झुरले होते! आणि तिने ते खाली मान घालून, माझ्या दारात उभं राहून सांगितलं. मी तिला बसासुद्धा म्हटलं नाही. तिचा मुलगा तिच्या कडेवरून घेतला आणि माझ्या पातेल्यातला भात त्याला भरवायला लागले. तो मटामटा खाऊ लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला बोलू, ते बघून मला फार आनंद झाला.

इतक्यात माझा मुलगा रांगत तिच्याजवळ गेला आणि तिचं पातळ धरून उभा राहिला. तिने खाली बसून आपल्या वाटीतली दुधात कुस्करलेली चपाती सहज त्याच्यापुढे धरली.

"थुंकेल हं तो," मी म्हणाले. तिच्या तोंडावर तो घास कसा उडतो ते मला बघायचंच होतं.

त्याने आ केला. गिळला. पुन्हा आ केला.

"अगं बया, हा तर छान खातोय की!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी कुठच्या कुठे पळालं होतं.

ती वाटी तिच्या हातातून हिसकावून घ्यावी असं मला मनापासून वाटलं. पण मी जागची हलले नाही. तो एकेक घास गिळत होता आणि मी बघत बसले होते. वाटी रिकामी झाल्यावर तिच्याकडे न बघता मी म्हणाले, "उद्या जरा जास्त आणा."