विहिरीची वर्गणी

गिरगावातल्या आमच्या वाडीची विहीर बुजवून तिथे दोन गाड्या उभ्या करायच्या, असा ठराव रविवारच्या सभेत येणार होता. सेक्रेटरींची गाडी रस्त्यावर उन्हात करपायची, त्यामुळे त्यांचा उत्साह नुसता उतू चालला होता. "विहिरीचा उपयोग काय, सांगा ना," ते मला म्हणाले, "तुम्ही तर कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवता."

माझं डोकंच फिरलं. नळाचं पाणी गेलं की अख्खी वाडी याच विहिरीवर तगते, आणि हे उपयोग विचारतायत! पण आमच्या शास्त्रात यावर उपाय आहे. ज्याला बाजारभाव नाही त्याची किंमत लोकांनाच विचारायची: हे टिकावं म्हणून तुम्ही किती द्याल? मी दारोदार निघाले.

शास्त्राला माणसाच्या मनातला आकडा हवा असतो. आमच्या वाडीत आकडा म्हटला की गणपतीची वर्गणी. पहिल्याच दारात काकू म्हणाल्या, "शेजारचे किती देतायत?"

"काकू, तसं नसतं. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"अगं, पण त्यांच्यापेक्षा कमी कसं सांगू?"

दुसऱ्या मजल्यावर मी पोचेपर्यंत आकडे माझ्या आधी जिना चढले होते. जो तो शेजाऱ्याच्या वर. त्यात लोक नोटाच पुढे करायचे, "पावती फाड." नुसतं विचारतेय म्हटलं तर त्यांना राग यायचा. सर्वेक्षणाचे बारा वाजले. शेवटी मी मुकाट्याने पैसे घेतले.

सेक्रेटरींकडे सगळ्यात शेवटी गेले. ते नाही म्हणणार, तेवढ्यात त्यांच्या मिसेसनी आतून विचारलं, "समोरच्यांनी किती दिले?" मी सांगितलं. "मग आपले शंभर जास्त लिही."

सेक्रेटरींनी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं.

सभेत ठराव मांडायला कोणी उठेना. जिच्यासाठी वर्गणी भरली तिच्यावर माती लोटायची तरी कशी? त्या पैशांतून विहिरीचा गाळ काढला आणि वर जाळी बसवली.

काही दिवसांनी एका सकाळी तळमजल्यावरचे एक गृहस्थ जाळी उचलून निर्माल्याची पिशवी आत सोडत होते. वरच्या गॅलरीतून कुणीतरी कडाडलं, "ओ शेठ, पिशवी उचला ती! वाडीची विहीर आहे, तुमच्या एकट्याची नाही!"

मी मान वर केली. सेक्रेटरी होते, अर्ध्या गालाला दाढीचा साबण लावलेले. इतका आनंद झाला मला, की धावत वर जाऊन त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.