काहीच न करण्याचं काम

बेहड्याच्या ढोलीतून फक्त एक चोच बाहेर आली, नर धनेश पक्ष्याने आणलेलं फळ तिने घेतलं आणि ती आत गेली. मी वहीत लिहिलं: झाड सत्तेचाळीस, आत बाळंतीण.

आमच्या सामाईक रानातली झाडं मी मोजत होते. सरकारची योजना आली आहे: दहा वर्षं रान तोडायचं नाही, त्याबद्दल मालकांना दरवर्षी मानधन. अर्जावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात, आणि धाकटे दीर लाकडाच्या ठेकेदाराला जवळजवळ हो म्हणून बसलेले. त्यांची सही मिळाली नाही, तर हा बेहडाही ट्रकवर चढणार होता.

"वहिनी, यात आपण करायचं काय?" त्यांनी बांधावर बसल्या बसल्या विचारलं.

"काहीच नाही."

"दहा वर्षं काहीच नाही? अहो, मग मी जन्मापासून पात्र आहे! आणा इकडे पेन."

सही झाली आणि घाम मला फुटला. रोज सकाळी कामांची यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत एकेका कामापुढे खूण करायची, एवढंच मला येतं. ढोलीतली ती मात्र दार लिंपून महिनोन् महिने नुसती बसते, आणि तेवढ्यात एक पिढी उभी राहते.

आज यादीत पहिलंच काम लिहिलं: रानातला पाचोळा झाडायचा नाही. दुपारपर्यंत हात दोनदा खराट्याकडे गेला.

खूण अजून केलेली नाही.