पेरिक्लीसच्या डोक्यावरचा फेटा

नेहाचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळच्या वॉटफर्डच्या बसस्टॉपवर उभी होते. "मावशी, बाबा गेले," ती म्हणाली, आणि पाठोपाठ, "तुमच्याकडे घराची स्पेअर की आहे ना?" मला तिचा राग आला नाही. आला तो मोहनचाच... मेल्यावरही.

मोहन, नेहाचा बाप आणि माझा शेजारी, इथल्या शाळेत प्राचीन इतिहास शिकवायचा. ग्रीक राज्यकर्ते त्याचे जणू सोयरेच, आणि अथेन्सचा पेरिक्लीस तर घरचा माणूस. शिरस्त्राण घातलेला त्याचा प्लास्टरचा अर्धपुतळा फ्रंटरूममध्ये देव्हाऱ्याशेजारी असायचा. मराठी मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर मोहननं नियम केला: आईवडील दोघंही मराठी असतील, त्यालाच सभासदत्व. "पेरिक्लीसनं असाच कायदा केला होता," हे वर. एवढा शिकलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर कोण तोंड उघडणार?

नेहाचा नवरा स्कॉटिश. तिचा आर्यन लहान असताना गणपतीच्या ढोलपथकासाठी फेटा घालून हॉलच्या दारात आला, तेव्हा मोहननंच त्याला परत पाठवलं. "नियम म्हणजे नियम, नेहा." तिनं मुलाच्या डोक्यावरचा फेटा काढून बापाच्या हातात ठेवला. पुन्हा ती त्या घरी आली नाही.

मग साथ आली आणि मोहनचा मुलगा, नेहाचा भाऊ, गेला. त्याचे अंत्यसंस्कार आम्ही लॅपटॉपवर पाहिले. त्या हिवाळ्यात मोहननं मला पेरिक्लीसची उरलेली गोष्ट सांगितली. अथेन्सच्या साथीत त्याचे दोन्ही मुलगे मेले. उरला तो परक्या गावच्या बाईपासून झालेला, बापाच्याच कायद्यानं उपरा ठरलेला मुलगा. पेरिक्लीसनं लोकांपुढे उभं राहून त्याच्यासाठी सूट मागितली. लोकांनी दिली.

"हे कधी बोलला नाहीस," मी म्हटलं.

"तिथवर पोचायच्या आत टर्म संपायची..."

मंडळाच्या पुढच्या मीटिंगला तो हात जोडून उभा राहिला. नियम रद्द करा म्हणाला नाही, फक्त आर्यनपुरती सूट मागितली. सगळ्यांनी हात वर केले. मोहननं तिथूनच नातवाला फोन लावला, स्पीकरवर.

"थँक यू, आजोबा. पण मला नको."

"बरं, बाळा," म्हणून मोहन खुर्च्या रचायला लागला. त्यानंतर तो खचतच गेला.

गेल्या रविवारी नेहा आणि आर्यन घर आवरायला आले. सहा फुटांचा आर्यन पुतळ्यापाशी थबकला. शिरस्त्राणावर तो छोटा फेटा होता. बाकी घरभर धूळ, फेट्यावर कणभरही नाही.

"हा माझा फेटा आहे?"

"हो. रोज झटकायचे तुझे आजोबा."

त्यानं तो डोक्यावर ठेवून पाहिला. बसला नाही.

"त्यांनी कमिटीला विचारलं, मावशी. मला कधी सॉरी नाही म्हटलं."

आर्यननं फेटा पुन्हा पेरिक्लीसच्या डोक्यावर ठेवला, दोन्ही हातांनी नीट सरळ केला, आणि पुढची खोली आवरायला गेला.