शिट्टी होईपर्यंत

मी सकाळी ज्या बागेत फिरायला जातो, तिथे हास्यक्लब भरतो. निवृत्त माणसं गोल करून उभी राहतात. मधोमध गळ्यात शिट्टी अडकवलेले सर. पहिल्या शिट्टीला हात वर करून हसायचं, दुसरीला थांबायचं.

काल हसता हसता एक काका पाय घसरून दगडी कठड्यावर आपटले.

"अहो सर, काका पडले!" शेजारच्या बाई म्हणाल्या. हात मात्र वरच.

"लय तोडू नका! हसा!" सर ओरडले. सगळे हसले. काकांकडे बघत हसले.

हुकूमशाही म्हटलं की आपल्याला रणगाडे आठवतात, तुरुंग आठवतात. एवढा खर्च कशाला? इथे तर कुणाच्या हातात काठीसुद्धा नव्हती. सरांना कुणी नेमलेलंही नाही, शिट्टी त्यांनी घरूनच आणली आहे. माणसाला हुकूम मनापासून आवडतो. शेजारी पडलेल्याला उचलायचं की नाही, ही कटकट परस्पर मिटते. तेवढ्यासाठी खांदे भरून येईपर्यंत हात वर धरायला लोक एका पायावर तयार असतात.

मी धावत गेलो. काका उताणे पडले होते. कपाळातून रक्त ओघळत होतं, चष्मा गवतात पडला होता. मी उठवायला हात पुढे केला, तर त्यांचे दोन्ही हात आधीच वर होते आणि ते हसत होते.

"थांबा हो," ते मला म्हणाले, "अजून शिट्टी झाली नाही."