कार्यक्रमापुरती पत्रं

"जावक नंबर टाका, भाऊसाहेब. मगच कागद माझ्या हातात द्या."

तिचं हे वाक्य आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. सरकारी ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या कागदावर नोंदवहीतला एक नंबर पडतो. तो नसेल, तर कागद आमचा नाहीच, असं आम्हाला उद्या खुशाल म्हणता येतं. हे तिला कुणी शिकवलं ठाऊक नाही. बहुतेक आम्हीच शिकवलं असणार.

तिचा डावा पाय पोलिओने गेलेला. तळहाताने मांडी दाबत, पाय पुढे टाकत ती चालायची. नळदुर्गला घरातच तिचं शिलाईकाम होतं. आठवड्यातले दोन दिवस मशीन झाकून ठेवून ही बाई एसटीने गावोगाव जायची आणि घरात बसवून ठेवलेल्या अपंग पोरापोरींना शिकायला, कामाला बाहेर काढायची. प्लास्टिकच्या पिशवीत जीआरच्या झेरॉक्स. राखीव जागा किती, प्रशिक्षण कुठलं, मुदत कधीची, सगळं तोंडपाठ. "म्या दया न्हाय मागत, जीआर मागते," असं म्हणून हसायची.

ऑफिसच्या दारातल्या रॅम्पवर कायम मोटारसायकली लावलेल्या असत. एकदा तिने सगळ्यात पुढची गाडी कुणाची म्हणून विचारलं. शिपाई हळूच म्हणाला, "साहेबांची."

"अगं बाई! साहेबांच्या पायाला काय झालं?"

तिने हे इतक्या काळजीने विचारलं, की साहेब स्वतः खाली येऊन गाडी काढून गेले.

मी दिव्यांग विभागाचा कारकून. एकदा नावनोंदणीसाठी तिच्याबरोबर येरमाळ्याच्या पलीकडच्या एका गावात गेलो होतो. एका मेंढपाळाची विशीतली मुलगी जन्मापासून मुकी-बहिरी. घर आणि शेरडं एवढंच तिचं जग. बाप उंबऱ्यातच आडवा उभा राहिला.

"तिला ऐकू येत न्हाय, बोलता येत न्हाय. कोण ठिवून घेतंय कामाला?"

"दादा, शिलाईच्या मशिनीला तरी कुठं बोलता येतंय?"

बाप उंबऱ्यातून बाजूला झाला. मग तिने मुलीच्या अंगातलं हाताने शिवलेलं पोलकं पाहिलं, शिवण उलटून निरखली आणि स्वतःची शिवण तिच्याशेजारी धरली. मुलीची सरस होती. निघताना बाप म्हणाला, "सरकार-बिरकार मला कळत न्हाय. तुमच्या तोंडाकडं बघून पाठवतो."

असे अठरा जण तिने गोळा केले. चार महिने शिलाईचं प्रशिक्षण झालं. हायवेवर कपडे शिवायचा एक कारखाना आहे, तो सगळ्यांना कामावर घेणार असं आमच्या ऑफिसने जाहीर केलं होतं. शेवटी मोठा कार्यक्रम ठरला. मांडव, पाहुणे, फोटोवाले. आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं.

"अठरा निवडपत्रं टाईप करा. कारखान्याचं अजून नक्की नाही, पण पाहुण्यांच्या हातून काहीतरी द्यायला पाहिजे. कार्यक्रमापुरती काढा. जावक टाकू नका."

मी टाईप केली. बदलीची भीती होती, मुलीची बारावी होती. कारणं माणसाला वेळेवर सापडतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

सकाळी मांडवाच्या मागे ती पिवळ्या साडीत उभी होती. पत्रांची चळत पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी थांबलो. ती विचारेल, मग मी सांगेन, असं मनाशी ठरवलं होतं. तिने चळत छातीशी धरली.

"बघून घ्या एकदा," मी म्हणालो.

"तुमी टाईप केलंय न्हवं? मग काय बघायचं!"

सोमवारी अठरा जण डबे घेऊन कारखान्याच्या फाटकाशी गेले. मॅनेजर म्हणाला, आमच्याकडे अशी यादीच आलेली नाही. दुपारपर्यंत ते सगळे रस्त्याच्या कडेला बसून होते. चौघे कुबड्यांवर आलेले. जेवण तिथंच केलं आणि परत गेले.

तिसऱ्या दिवशी ती आली. अठराही पत्रं माझ्या टेबलावर ठेवली.

"तुमाला ठावं होतं?"

"ताई, वरून आदेश..."

"वरच्याला म्या मागनं विचारीन. आता तुमाला विचारते."

"व्हय," मी म्हणालो.

तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "येरमाळ्याला पोरीच्या बापाला जाऊन सांगायचं हाय मला. काय सांगू तेवढं सांगा." मी टेबलावरची पत्रं उगाच एकसारखी लावत बसलो.

तिने रीतसर तक्रार केली. आम्ही रीतसर उत्तर दिलं: सदर पत्रांवर जावक क्रमांक नसल्याने ती या कार्यालयाने निर्गमित केली असे म्हणता येत नाही. तेही मीच टाईप केलं. त्याला मात्र जावक नंबर पडला.

त्यानंतर ती ऑफिसला आली नाही. लोक तिलाच बोलले, असं कानावर आलं. आम्हाला कोण बोलणार? गावागावांतून दारं बंद झाली. त्या मेंढपाळाच्या मुलीला मात्र तिने स्वतःच्या घरी नेलं, दुसरी मशीन मिळवली. बाकीचे सतरा जिथून आले तिथं गेले.

मागच्या उन्हाळ्यात नळदुर्गला कामासाठी गेलो होतो. परतीच्या एसटीत चढलो, तर तिघांच्या सीटवर त्या दोघी. ती खिडकीशी, मुलगी तिच्या शेजारी, कडेची जागा मोकळी. बाकी गाडी भरलेली. मुलीने मला ओळखलं. कार्यक्रमात हिला स्टेजवर मीच पुढे केलं होतं. ती तोंडभर हसली, खिडकीकडे सरकली आणि बसा म्हणून हाताने जागा थोपटली.

ताईने मांडीवरची कापडाची पिशवी उचलली, मुलीच्या पुढून हात लांबवून त्या जागेवर ठेवली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली.

मुलीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिला काही कळलं नाही. ती माझ्याकडे बघून हसतच राहिली, आणि मी वरचा दांडा धरून तुळजापूरपर्यंत उभा राहिलो.