शिक्क्याचं पाणी

पांढुर्ण्याच्या फलाटावर लोक पोरीले निरोप देताना संत्री देतात, चिवडा देतात. माझ्या बाबांनी मले पाण्याची बाटली देली. प्यासाठी नाही, तपासासाठी. ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. भोपाळच्या एका सरकारी पाणी प्रयोगशाळेत मले सहायकाची नोकरी लागली होती, आन् बाबांले वाटे की ही जागा खास आमच्या विहिरीसाठीच निघाली आहे. शरबताची रिकामी बाटली, तोंडाले चिंधीचा बोळा. गाडी हलली तरी खिडकीसोबत चालत सांगत होते, "कागद पाठवजो. शिक्क्याचा पायजे."

वस्तीत राहिले ते जाणतातच. माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्या लेकरांसाठी लिहिते. पाटलांच्या विहिरीवर आमच्या आज्याले दोर टाकू देत नसत, म्हणून वस्तीनं आपली विहीर खोदली. बाबा तेव्हा लहान होते, पण टोपल्यानं माती त्यांनीही वाहिली. वस्तीबाहेरचं कोणी मात्र आमचं पाणी तोंडाले लावत नसे. "तुमचं पाणी खराब" म्हणत. बाबांले ते फार लागे.

भोपाळात साहेब बाटली पाहून हसले, नमूना लाई हो या शरबत म्हणाले. मले काम शिकवाचं म्हणून तपासलं, तर जंतू एकही नाही! उघड्या विहिरीचं, चिंधीच्या बुचाचं पाणी! साहेबांनी दोनदा चष्मा पुसला, मंग रिपोर्ट टाइप करून शिक्का मारला. मी उड्या मारतच डाकघरात गेली.

बाबांचं उत्तर आलं, त्यात आनंद कमी, तक्रारच जास्त. रिपोर्टात "स्वाद: सामान्य" लिहिलं होतं. सामान्य काहून? आपलं पाणी गोड आहे, साहेबांले पुन्हा एक घोट प्याले लाव. एवढं बोलून घेतलं, आन् कागदाले काचेची चौकट करून पुढच्या खोलीत टांगलं.

उन्हाळ्यात घरी गेली तर विहिरीवर ही गर्दी! रिपोर्टाची गोष्ट गावभर झाली होती, लोक पाणी न्याले येऊन राहिले होते. पाटलांची सूनही कळशी घेऊन उभी. बाबा तर सगळ्यांची अशी उठबस करत होते की जसे जावईच आले. मी चुलीपाशी बसून मायले कौतुकानं विचारलं, आपलं पाणी एवढं साफ कसं वं?

माय म्हणाली, "पाच उकळ्या देल्या न त्याले. तीनदा गाळलं. साहेबाच्या दारी पाणी जाते, तसंच कसं पाठवाव?"

म्हणजे रिपोर्ट उकळलेल्या पाण्याचा होता, आन् लोक विहिरीचं कच्चंच पाणी नेत होते. उद्या कोणाच्या लेकराले हगवण लागली तर दोष विहिरीवर आन् वस्तीवर. सांगाव तर बाबांचं तोंड पाहवणार नाही. रोज सकाळी ते ती काच दुपट्ट्यानं पुसत. दोन दिवस मी भित्र्या मांजरीसारखी घरात फिरली. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं.

बाबा त्या काचेकडं पाहाले लागले. मले वाटलं, झालं, आता चौकट खाली येते. पण त्यांनी विचारलं, "मंग पाटलाच्या विहिरीत?"

"तिच्यातही असतीलच, बाबा. उघड्या विहिरीत असतातच."

"म्हणजे जंतू दोन्हीकडं सारखेच," म्हणाले, आन् खो-खो हसाले लागले. हसता हसता डोळे पुसले. मीही रडली, खोटं कायले सांगू.

मंग त्यांनी चौकटीचे खिळे काढले, माझा पेन घेतला आन् शिक्क्याच्या वर ठळक लिहिलं, "उकळून". पेन हातात होताच, तर "सामान्य" खोडून "गोड"ही लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून माय कमरेवर हात ठेवून विहिरीवर उभी. "पाच उकळ्या द्या" हे ऐकल्याशिवाय कोणाची कळशी हलत नसे. चार-दोन लोक यायचे बंद झाले. पाटलांची सून येत राहिली. तिच्याकडून तर मायनं ते तीनदा म्हणून घेतलं.

आता भोपाळच्या माझ्या किचनमध्ये पाण्याची मशीन आहे, निळा दिवा लागते. पाणी चकाचक, चव कायचीच नाही. बाजूले ती चौकट. बहू विचारते, मम्मीजी, सरकारी कागज़ पर ये किसने लिखा? नोकरीभर मी स्वादाच्या रकान्यात "सामान्य"च लिहिलं, दुसरं लिहाची मुभाच नव्हती. "गोड" लिहिलेला कागद हा एकच. शिक्का सरकारचा, अक्षर बाबांचं. कोणी मले माझं गाव विचारलं, की मी त्या कागदाकडं बोट दाखवते.